गाऱ्हाणे, अर्ज आणि ठराव

रडल्याशिवाय आई पाजत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. घरात ती खरी आहे आणि गावाच्या कारभारातही खरी आहे. पण गावात नुसते रडून भागत नाही. कोणापुढे रडायचे, किती जणांनी मिळून रडायचे आणि रडून झाल्यावर पुढे काय करायचे, हे माणसाला शिकावे लागते. नाली तुंबली, रस्त्यावरचा दिवा गेला, नळाला पाणी आले नाही, की आज माणूस कागदावर चार ओळी लिहितो आणि नगरपालिकेत नेऊन देतो. त्याला वाटते, ही रीत पहिल्यापासूनच असणार. तसे नाही. त्या चार ओळींच्या मागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो आज थोडक्यात पाहू. त्यासाठी फार दूर जायला नको. आपल्या वर्धा जिल्ह्यातले हिंगणघाटच नजरेसमोर ठेवू.

हिंगणघाट हे वेणा नदीच्या काठचे गाव. कापसाची मोठी पेठ म्हणून ते पूर्वीपासून नावाजलेले. आगगाडी नव्हती तेव्हा ह्या भागातला कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. सन १८२३ मध्ये हिंदुस्थानची जमीन मोजायला निघालेला कर्नल लॅम्बटन हा मोजणी खात्याचा प्रमुख मुक्कामाला असताना ह्याच गावी वारला, आणि त्याची कबर तेथेच आहे. साऱ्या देशाचे माप काढणाऱ्याची माती हिंगणघाटास पडली. पण एक गोष्ट लक्षात घ्या. देशाचा नकाशा साहेब काढतो. आपल्या गल्लीत पावसाचे पाणी कोठे तुंबते, हे मात्र त्या गल्लीत राहणाऱ्यालाच ठाऊक असते. आजच्या विषयाचे सारे मर्म ह्यात आहे.

आपल्या जुन्या बोलीत गावाचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्ती. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात शेती न करणाऱ्या व्यापारी आणि कारागीर लोकांवर कर असे, त्याचे नावच पांढरी. कर द्यायचा तर गाऱ्हाणेही असणारच. ते मांडायला चावडी होती, पाटील होता, पंच होते, पेठेत शेटे-महाजन होते. त्यांच्याकडून न्याय झाला नाही तर वरच्या अंमलदाराकडे दाद मागायची. तेथेही कोणी ऐकले नाही, तर शेवटचा उपाय एकच, बिऱ्हाड उचलायचे आणि दुसऱ्या गावी जायचे. पेठ मोडली की वसूल बुडतो, हे राज्यकर्त्यांनाही कळे, म्हणून ह्या उपायाची त्यांना धास्ती असे. पण विचार करा, गाव सोडणे हा काही गाव सुधारण्याचा मार्ग नव्हे. जो गेला तो सुटला, आणि मागे राहिलेल्यांची नाली तशीच तुंबलेली राहिली.

सन १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला, आणि पुढच्याच वर्षी नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा निघाला. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६१ ते १८६५ ह्या काळात तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आमच्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हिंगणघाटला बंड्यांची रीघ लागली. १८७० नंतरच्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटपर्यंत आगगाडीचा फाटा आला, आणि शतक संपण्याच्या आत कापडाच्या गिरण्याही उभ्या राहू लागल्या. १९०१ च्या शिरगणतीत गावची वस्ती बारा हजारांच्या वर भरली. आता बारा हजार माणसे, त्यांत हंगामात बाहेरून येणारे हमाल, व्यापारी, गाडीवान आणि त्यांचे बैल! इतक्यांना पाणी हवे, रस्ता हवा, घाण वाहून न्यायची सोय हवी. चावडीवरच्या पंचांच्या आवाक्यातले हे काम राहिले नव्हते.

ह्या गरजेतून मध्यप्रांतात नगरपालिका निघाल्या. नागपूरची १८६४ ची. हिंगणघाटसारख्या व्यापारी गावांनाही त्याच शतकात ती मिळाली. कायद्यात तिचे नाव म्युनिसिपल कमिटी, म्हणून आमच्याकडची जुनी माणसे तिला ‘कमेटी’च म्हणत. कमेटीचा पैसा मुख्यतः जकातीचा. गावाच्या शिवेवर नाका, नाक्यावर कारकून. बंडी आली की थांबवायची, माल पाहायचा, पावती फाडायची. ह्यातली गंमत पाहा, नाक्यावर पैसे मोजणारा पुष्कळदा खेड्यातला माणूस असे. त्याच्या पैशातून गावात दिवे लागत. पण त्या कमेटीत त्याला मत नव्हते. आणि गावातल्या गरिबाला तरी कोठे होते? सुरुवातीच्या कमेट्यांवर सरकारने नेमलेले अधिकारी, सावकार, व्यापारी, मालगुजार असत. त्यांच्या डोक्यावर जिल्ह्याचा डिप्टी कमिशनर असे.

मध्यप्रांताच्या जुन्या गॅझेटियरात हिंगणघाटाचे दोन भाग सांगितले आहेत. एक जुने गाव, विस्कळीत आणि नदीच्या पुराच्या तोंडी असलेले. दुसरे नवे गाव, रुंद रस्त्यांचे, दोन्ही बाजूंना झाडे लावलेले, बऱ्या स्थितीतल्या लोकांचे. श्रोतेहो, हे वर्णन कोणत्याही गावाला लागू पडेल. प्रत्येक गावात एक जुने गाव असते आणि एक नवे गाव असते. कमेटीत बसणारे बहुधा नव्या गावातले, आणि पाणी शिरते ते जुन्या गावात. मग जुन्या गावाचे गाऱ्हाणे कमेटीच्या टेबलापर्यंत पोचायचे कसे? नगरपालिकांच्या इतिहासातला खरा प्रश्न हाच आहे.

हा प्रश्न एकट्या आपल्याकडचा नव्हता. ज्या इंग्रजांनी आपल्याकडे कमेट्या आणल्या, त्यांच्या राजधानीत काय चालले होते पाहा. १८४९ साली लंडनमध्ये पटकीची साथ होती. सेंट जाइल्स नावाच्या गरीब वस्तीतल्या लोकांनी जुलै महिन्यात ‘टाइम्स’ ह्या मोठ्या वर्तमानपत्राला एक पत्र पाठवले. आम्ही घाणीत राहतो, आमच्याकडे संडास नाहीत, नाल्या नाहीत, पाणी नाही, आणि गटारांच्या कारभाऱ्यांना आमची पर्वा नाही, असा त्याचा मथितार्थ. पत्रात शुद्धलेखनाच्या चुका ओळीओळीला होत्या. पण खाली सह्या होत्या चोपन्न! पत्र छापून आले, आणि त्या राजधानीत लोक पोटाशी काय सोसत आहेत, ते साऱ्या देशाने वाचले. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८४८ मध्ये, लंडनबाहेरच्या गावांसाठी आरोग्याचा कायदा झाला होता. त्यात अशी सोय होती की कर भरणाऱ्यांपैकी एक-दशांश लोकांनी अर्ज केला, तर सरकारी तपासनीस त्या गावी जाऊन चौकशी करील. एकट्याचे ते गाऱ्हाणे, आणि दहांतल्या एकाची सही झाली की तीच सार्वजनिक बाब. शुद्धलेखन येत नाही म्हणून अर्ज न करणाऱ्या आपल्या बांधवांनी त्या चोपन्न सह्या आठवाव्या.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. गाऱ्हाणे दारापर्यंत गेले. आत सभेत ते कोण बोलणार? १८७६ पासून काही वर्षे महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. तेव्हाचे सभासद सरकारने नेमलेले, म्हणजे सरकारच्या मर्जीतले असावेत अशी अपेक्षा. एकदा व्हाइसरॉय पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी हजार रुपये खर्च करावे, अशी सूचना पुढे आली. जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे. सारी सभा एका बाजूला, जोतीराव एका बाजूला. गावात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हाही त्यांनी नगरपालिकेला लिहून कळवले, की दुकाने वाढवून लोकांची घरे बुडतात. मत हरले, पण नोंद राहिली. सभेच्या नोंदवहीत विरोधाचे एक मत लिहिले गेले, म्हणूनच आज आपण त्याविषयी बोलू शकतो. जे सभेत बोलले गेले आणि कागदावर आले, ते इतक्या सहजासहजी पुसता येत नाही.

१८८२ च्या मे महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड रिपन ह्यांनी स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव काढला. ह्या संस्थांत बिनसरकारी सभासद दोन-तृतीयांश तरी असावेत, आणि ह्या संस्थांकडे लोकांना राज्यकारभाराचे शिक्षण देणाऱ्या शाळा म्हणून पाहावे, असा त्याचा आशय होता. आमच्या मध्यप्रांतात १८८३ च्या कायद्याने खेड्यांसाठी जिल्हा कौन्सिले आणि लोकल बोर्डे निघाली. पुढे १९२२ मध्ये मध्यप्रांताच्या नगरपालिकांचा नवा कायदा झाला आणि निवडून आलेल्यांचे वजन वाढले. मतदार अजून मूठभर होते, कर भरणारे, मालमत्ता असलेले. तरी फरक पडला. १९२३ मध्ये जबलपूरच्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा लावायचे ठरवले, सरकारने ते हाणून पाडले, आणि त्या ठिणगीतून नागपूरचा झेंडा सत्याग्रह पेटला. वर्ध्याचे जमनालालजी बजाज त्यात तुरुंगात गेले. नाल्या आणि दिवे पाहणारी कमेटी आता लोकांच्या मनातली गोष्ट बोलू लागली होती.

पण ठराव झाला म्हणजे काम झाले काय? ह्या प्रश्नाचे उत्तर महाडने दिले आहे, आणि ते प्रत्येक शिक्षकाने मुलांना सांगावे असे आहे. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले ह्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे आपले चवदार तळे खुले केले. कागदावर तळे खुले झाले, प्रत्यक्षात मात्र त्या पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. तीन वर्षे असेच गेले. मग २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यावर गावात दंगल उसळली, परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, आणि तळे ‘शुद्ध’ करण्याचा प्रकारही झाला. पुढे, ४ ऑगस्ट १९२७ रोजी, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

येथे क्षणभर थांबा. नगरपालिकेपुढे गाऱ्हाणे दोघांचे होते. एकाचे, आम्हाला पाणी द्या. दुसऱ्याचे, त्यांना पाणी देऊ नका. दोघेही गावचेच रहिवासी. ज्यांच्या हाती मते आणि पैसा होता, त्यांचे गाऱ्हाणे कमेटीला लवकर ऐकू आले. म्हणून पुष्कळ लोक ओरडतात तेवढ्यावरून मागणी न्यायाची ठरत नाही. ते तळे कोणाच्या खाजगी मालकीचे नव्हे, नगरपालिकेचे आहे, हे कोर्टात सिद्ध करावे लागले. १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टाने अखेरचा निकाल दिला. १९२४ चा ठराव, १९३७ चा निकाल. एका ओंजळीला तेरा वर्षे लागली. पण मिळालेली ती ओंजळ कोणाची मेहेरबानी नव्हती, तो हक्क होता. चावडीपुढे हात जोडून उभा राहणारा माणूस तेथे नागरिक झाला.

स्वातंत्र्यानंतर मताला मालमत्तेची अट उरली नाही. गिरणीतला कामगार, हमाल, नाली काढणारा सफाई कामगार, घरातली बाई, सर्वांना एकेक मत. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६५ मध्ये सगळ्या महाराष्ट्रासाठी नगरपालिकांचा एकच कायदा झाला, आणि १९२२ चा जुना कायदा मागे पडला. नव्या कायद्याने लोकांच्या हाती दिलेल्या काही गोष्टी अजून पुष्कळांना ठाऊक नाहीत. नगरपालिकेची सभा सामान्यतः लोकांना खुली असते. घरपट्टीची यादी लागली की तिच्यावर हरकत घेता येते. कायद्याविरुद्ध किंवा लोकांना बाधक असा ठराव झाला तर तो तहकूब करण्याचा अधिकार कलेक्टरला आहे, म्हणजे त्याच्याकडे दाद मागता येते. पुढे २००५ मध्ये माहितीचा अधिकार आला. दहा रुपयांची फी भरून अर्ज करावा आणि साधारणपणे तीस दिवसांच्या आत उत्तर मिळावे, अशी त्याची तरतूद. पूर्वी ‘कागद कोठे गेला’ म्हणून विचारले तर कारकून हसत असे. आता त्या कागदाचा माग काढता येतो. २०१५ मध्ये महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा झाला. दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे, ह्याला त्याने मुदत घालून दिली.

ह्याच काळात एक उलटी गोष्टही घडली. १९९९ मध्ये महाराष्ट्रातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली. नाके गेले, बंडीवाल्याची आणि ट्रकवाल्याची सुटका झाली, हे बरेच झाले. पण नाक्यावरचा पैसा गावचा होता. त्याच्या जागी सरकारचे अनुदान आले. ‘तुम्ही आमच्या पैशाचे काय केले?’ हा प्रश्न नाक्यावर पैसे मोजणारा माणूस रोखठोक विचारू शके. आता नाली बांधायला पैसा कोठून, म्हटले की नगरपालिका मुंबईकडे बोट दाखवते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हे खरे. पण आडावर कोणी बसले आहे का, हे पाहणेही नागरिकाचे काम आहे.

आता खेड्यातल्या श्रोत्यांसाठी एक मुद्दाम सांगतो. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने तुम्हाला ग्रामसभा दिली आहे. गावातला प्रत्येक मतदार तिचा सभासद. वर्षातून निदान चार वेळा ती भरली पाहिजे. तेथे सरपंचाला समोरासमोर विचारता येते, जमाखर्च मागता येतो. हिंगणघाटच्या नागरिकाला अशी सभा नाही. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या, पण त्या तीन लाखांवरच्या वस्तीच्या शहरांना. २०११ च्या शिरगणतीत हिंगणघाटची वस्ती लाखाच्या घरात होती. म्हणजे खेड्याला ग्रामसभा, महानगराला प्रभाग समिती, आणि मधल्या गावाला काय? निवडून दिलेला नगरसेवक. मधला नागरिक त्याच्याच तोंडाने बोलतो.

आणि तो नगरसेवकच नसेल तर? ही नुसती कल्पना नाही. २०२१-२२ च्या सुमारास महाराष्ट्रातल्या पुष्कळ नगरपालिकांची मुदत संपली. आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला, निवडणुका लांबल्या, आणि तेथे प्रशासक बसले. सभेचे अधिकार प्रशासकाकडे. ठराव त्याचाच, अंमलही त्याचाच. माणूस चांगला असेल, काम झपाट्याने करीत असेल. पण सभेत उठून ‘नाही’ म्हणणारा जोतीराव तेथे कोठून येणार? अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या डिसेंबरात नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. मधल्या काळात कित्येक वॉर्डांतली माणसे अर्ज घेऊन हेलपाटे घालीत राहिली. घोडे मेले ओझ्याने आणि शिंगरू मेले हेलपाट्याने, असे आपण म्हणतो, ते उगाच नाही. घरपट्टी मात्र त्या वर्षांतही थांबली नाही.

श्रोतेहो, ह्या इतिहासातून चार गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, गाऱ्हाणे तोंडी ठेवू नका, लिहून द्या आणि पोच घ्या. दुसरी, एकट्याने जाऊ नका. नाली साऱ्या गल्लीची आहे, तर सह्याही साऱ्या गल्लीच्या असू द्या. त्यांत त्या घराचीही सही घ्या, ज्याला आजवर कोणी विचारले नाही. तिसरी, ठराव झाला म्हणून घरी जाऊन झोपू नका. ठरावाचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा, आणि काम झाले की नाही ते पाहा. चौथी, सर्वांत महत्त्वाची, आपली मागणी शेजाऱ्याच्या हक्कावर पाय देणारी नाही ना, हे आधी स्वतःला विचारा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. नागरिकशास्त्राच्या तासाला वरच्या वर्गातल्या मुलांना घेऊन शाळेभोवती एक फेरी मारा. नाली कोठे तुंबते, दिवा कोठे लागत नाही, नळ कोठे गळतो, ते मुलांना पाहू द्या. मग वर्गात बसून त्यांच्याकडून एक अर्ज लिहून घ्या. काय अडचण आहे, कोठे आहे, कधीपासून आहे आणि काय करावे अशी मागणी आहे, एवढ्या चारच गोष्टी. कोणाची निंदा नको आणि कोणाची खुशामतही नको. तो अर्ज नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत खरोखर नेऊन द्या आणि त्याची पोच वर्गात भिंतीवर लावा. महिन्याने मुले विचारतील, ‘गुरुजी, उत्तर आले का?’ तेव्हा मुलांनाच घेऊन पुन्हा जा आणि विचारा.